लेहहून टॅक्सीने तुर्तुक : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

लडाखच्या नुब्रा खोऱ्याच्या पार टोकाला, श्योक नदीच्या काठावर तुर्तुक हे बाल्टी लोकांचे गाव आहे. लेहहून टॅक्सी ठरवून तेथे जाऊ इच्छिणाऱ्यांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे एकत्र दिली आहेत. भाड्याचे आकडे मुद्दाम दिलेले नाहीत, कारण ते वेळोवेळी बदलतात आणि जुना आकडा मनात धरून गेल्यास चालकाशी विनाकारण वाद होतो.

तुर्तुक नेमके कोठे आहे?

लेह शहर सिंधू नदीच्या खोऱ्यात आहे. त्याच्या उत्तरेला लडाख पर्वतरांग आडवी पसरली आहे आणि ती खारदुंग ला येथे ओलांडली की पलीकडे श्योकचे खोरे लागते. (लडाखी भाषेत 'ला' म्हणजेच खिंड.) श्योकच्या काठाने वायव्येकडे निघाले की डिस्किट, हुंदर, थॉईस, स्कुरू, बोगदांग आणि चालुंका ही ठिकाणे मागे पडतात आणि मग तुर्तुक येते. लेहपासूनचे अंतर सुमारे २०५ किलोमीटर आहे. तुर्तुकच्या पुढे त्याक्शी आणि थांग ही गावे आहेत आणि त्यांच्या पलीकडे नियंत्रण रेषा. नदी मात्र तशीच पुढे पाकिस्तानच्या ताब्यातील बाल्टिस्तानात उतरते आणि तेथे सिंधूला मिळते. तुर्तुकची उंची सुमारे ३,००० मीटर, म्हणजे लेहपेक्षा कमी आहे. त्यामुळेच वाटेतल्या उघड्याबोडक्या डोंगरांनंतर येथे एकाएकी जर्दाळूच्या आणि अक्रोडाच्या झाडांची गर्द हिरवळ दिसते.

एका दिवसात जाऊन परत येता येईल का?

येणार नाही, आणि तसा प्रयत्न करू नये. एका बाजूच्या प्रवासालाच सात ते आठ तास लागतात आणि मध्ये ५,३५९ मीटर उंचीची खिंड आहे.

पर्यटकांना सर्रास सुचवला जाणारा बेत निराळा असतो. पहिल्या रात्री हुंदरला मुक्काम, दुसऱ्या दिवशी सकाळी निघून तुर्तुकला दोन-तीन तासांची धावती भेट, संध्याकाळी पुन्हा हुंदर आणि तिसऱ्या दिवशी लेह. या बेतात अडचण अशी की हुंदर ते तुर्तुक सुमारे ८० किलोमीटरचा रस्ता त्याच दिवशी दोनदा तुडवावा लागतो आणि आपण गावात पोहोचतो ते नेमके दुपारी, जेव्हा गावातली माणसे शेतात असतात आणि गल्ल्यांमध्ये आपल्यासारखेच पाहुणे भरलेले असतात. चार वाजल्यानंतर या गाड्या परत फिरतात. गुरे घरी येतात, पाटाचे पाणी एका शेतातून दुसऱ्या शेतात वळवले जाते आणि ओट्यावर बसलेले आजोबा आपण होऊन बोलायला लागतात. ज्याला गाव पाहायचे आहे त्याने तुर्तुकला किमान एक रात्र, आणि जमल्यास दोन रात्री राहावे, असे माझे आग्रहाचे सांगणे आहे. हुंदरला एक आणि तुर्तुकला दोन अशा तीन मुक्कामांचा बेत मला सर्वांत योग्य वाटतो. दिवस कमी असतील तर हुंदरची उंटसवारी सोडावी, पण तुर्तुकची रात्र सोडू नये.

टॅक्सी कशी ठरवायची आणि भाडे कसे आकारले जाते?

लेहमध्ये टॅक्सीचालकांची संघटना आहे आणि तिचे छापील दरपत्रक असते. दर किलोमीटरवर ठरत नाही. मार्ग, गाडीचा प्रकार आणि दिवस यांवर ठरतो. टॅक्सी स्टँडवर, हॉटेलमार्फत किंवा एखाद्या प्रवासी संस्थेमार्फत गाडी घेतली तरी आधार याच दरपत्रकाचा असतो, म्हणून लेहला पोहोचल्यावर ते आधी पाहून घ्यावे. पर्यटकांची गर्दी नसते तेव्हा या दरात थोडीफार सूट मिळू शकते. ऐन हंगामात घासाघीस करून फारसे काही हाती लागत नाही.

खरी काळजी घ्यायची ती मार्ग कागदावर कसा लिहिला जातो याची. दरपत्रकात 'नुब्रा' याचा अर्थ बहुधा डिस्किट आणि हुंदर एवढाच असतो. तुर्तुक वेगळे, पनामिक वेगळे आणि परतताना पांगोंगमार्गे यायचे असेल तर तेही वेगळे. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा ज्यांच्यामार्फत गाडी ठरवली होती त्यांनी पावतीवर फक्त 'नुब्रा, तीन दिवस' असे लिहून दिले होते आणि तुर्तुकचे तोंडी कबूल केले होते. हुंदरला पोहोचल्यावर चालकाने कागद दाखवला. त्याची काहीच चूक नव्हती. त्याला जे सांगितले होते तेच तो करत होता. वरचे पैसे भरावे लागले आणि त्याहून वाईट म्हणजे एक संध्याकाळ फोनाफोनीत गेली. तेव्हापासून मी पावतीवर प्रत्येक मुक्कामाचे गाव तारखेसह लिहून घेतो: पहिली रात्र हुंदर, दुसरी आणि तिसरी तुर्तुक, चौथ्या दिवशी लेह. त्याक्शी आणि थांगपर्यंत गाडी नेणार का, गाडी मुक्कामी थांबल्याच्या दिवसाचे किती, चालकाच्या जेवणाखाणाची आणि झोपण्याची सोय भाड्यात धरली आहे की आपण करायची, हेही तेथेच विचारून घ्यावे. आगाऊ रक्कम दिल्यास तिची पोच घ्यावी.

गाडी निवडताना काय पाहावे?

टायर आणि स्टेपनी स्वतः वाकून पाहावी. चालकाला याचा राग येत नाही. उलट माणूस जाणता आहे हे त्याच्या लक्षात येते. मोठ्या गाडीत सहा-सात जण बसू शकत असले तरी या प्रवासाला चालक सोडून चार किंवा फार तर पाच जण असावेत. मागच्या आडव्या आसनावर बसून खारदुंग लाची वळणे सोसणे अवघड जाते. सामान टपावर जाणार असेल तर त्यावर ताडपत्री हवी, कारण डिस्किटच्या आसपास दुपारनंतर वारा सुटतो आणि बारीक वाळू प्रत्येक चेनमधून आत शिरते.

श्रीनगर किंवा मनालीहून आलेली टॅक्सी पुढे तुर्तुकला नेता येते का?

बाहेरच्या टॅक्सीने लेहपर्यंत येता येते, परंतु लेहपासून पुढचे पर्यटन स्थानिक टॅक्सीनेच करायचे, असा येथील टॅक्सीचालकांचा दंडक आहे आणि तो कसोशीने पाळला जातो. बाहेरून भाड्याने आणलेल्या, स्वतः चालवायच्या गाड्यांनाही हेच लागू होते. स्वतःच्या नावावर नोंदलेली खासगी गाडी नेता येते. तेव्हा नोंदणीचे मूळ कागद जवळ बाळगावेत. लडाखमध्ये पर्यटनाचा हंगाम जेमतेम चार-पाच महिन्यांचा असतो आणि अनेक घरांचे वर्ष त्यावरच निघते, हे लक्षात घेतले म्हणजे या दंडकाचा राग येत नाही.

परवाना लागतो का?

भारतीय नागरिकांसाठी इनर लाइन परमिटची अट लडाख प्रशासनाने ऑगस्ट २०२१ मध्ये काढून टाकली. तथापि पर्यावरण शुल्क भरावे लागते आणि त्याची पावती वाटेतल्या तपासणी नाक्यांवर मागितली जाऊ शकते. पावतीच्या तीन-चार छापील प्रती चालकाकडे देऊन ठेवाव्यात. प्रत्येकाचे मूळ ओळखपत्र सोबत असावे. मोबाइलमधल्या छायाचित्रावर विसंबू नये. परदेशी नागरिकांना संरक्षित क्षेत्राचा परवाना आजही लागतो. हा सगळा भाग सीमेलगतचा असल्याने नियम आयत्या वेळी बदलू शकतात, म्हणून निघण्याच्या आदल्या दिवशी चालकाला पुन्हा एकदा विचारावे.

उंचीचा त्रास होईल का? त्यासाठी काय करावे?

या प्रश्नाचे उत्तर थोडे विस्ताराने देणे भाग आहे, कारण येथे झालेली चूक जिवावर बेतू शकते.

लेहची उंची सुमारे ३,५०० मीटर आहे. समुद्रसपाटीवरून विमानाने थेट येथे उतरलेल्या माणसाच्या शरीराला विरळ हवेची सवय झालेली नसते. डोके जड होणे, मळमळणे, भूक मरणे, रात्री झोप न लागणे ही पहिली लक्षणे असतात. लेहला किमान दोन रात्री, आणि शक्य असेल तर तीन रात्री काढल्याशिवाय खारदुंग लाकडे निघू नये. पहिला दिवस खोलीतच झोपून किंवा बसून घालवावा, पाणी पीत राहावे आणि मद्य घेऊ नये. ॲसिटाझोलामाइड हे औषध पुष्कळ जण घेतात, परंतु ते सर्वांना चालत नाही. सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर विशेष सावध राहावे. घर सोडण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांना विचारावे.

खारदुंग लावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. तेथे गाडीतून हळू उतरावे, छायाचित्र घ्यावे आणि पंधरा-वीस मिनिटांत पुढे निघावे. धावू नये, लहान मुलांना बर्फात खेळायला सोडू नये. बाजारात मिळणाऱ्या ऑक्सिजनच्या लहान डब्या काही मिनिटांपुरत्याच असतात. त्यांच्या भरवशावर खिंडीत रेंगाळणे धोक्याचे आहे.

यात एक गोष्ट अशी आहे जी पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. डिस्किट, हुंदर आणि तुर्तुक ही तिन्ही ठिकाणे लेहपेक्षा खाली आहेत, त्यामुळे खिंड उतरल्यावर बरे वाटू लागते आणि माणूस निर्धास्त होतो. परंतु लेहला परत जायचे तर तीच खिंड पुन्हा चढावी लागते. उंचीच्या आजारावरचा पहिला उपाय म्हणजे खाली उतरणे, आणि नुब्रातून लेहच्या मोठ्या रुग्णालयाकडे निघालेल्या रुग्णाला आधी दोन हजार मीटरहून अधिक वर चढावे लागते. म्हणून लेहमध्ये असतानाच ज्याला बरे वाटत नाही त्याने, बाकीच्यांचा हिरमोड होईल म्हणून, दुखणे अंगावर काढून गाडीत बसू नये. बसल्या जागी धाप लागणे, छातीत घुरघुर होऊन खोकला येणे, तोल जाणे किंवा बोलण्यात गोंधळ होणे ही गंभीर लक्षणे आहेत. ती नुब्रात दिसली तर डिस्किटचे रुग्णालय गाठावे आणि खिंड ओलांडायची की नाही हे तेथील डॉक्टरांना ठरवू द्यावे.

ज्येष्ठ नागरिक आणि लहान मुलांना नेता येईल का?

प्रकृती धडधाकट असेल आणि लेहला पुरेसे थांबले असेल तर नेता येते. हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब असणाऱ्यांनी आणि गरोदर स्त्रियांनी डॉक्टरांच्या स्पष्ट संमतीशिवाय येऊ नये. अगदी तान्ह्या मुलाला काय होते हे सांगता येत नसते, म्हणून त्याला एवढ्या उंचीवर नेणे मला योग्य वाटत नाही. तुर्तुकमध्ये पायऱ्या, चढउतार आणि दगडी बोळ आहेत; गुडघे दुखणाऱ्यांनी रस्त्याजवळचे घर मुक्कामासाठी आधीच ठरवावे.

रस्ता कसा आहे?

लेह सोडताच चढण सुरू होते. खारदुंग ला सुमारे ४० किलोमीटरवर आहे आणि तेवढ्या अंतरात गाडी १,८०० मीटरहून अधिक चढते. साउथ पुल्लूच्या नाक्यापर्यंत रस्ता चांगला असतो. त्यानंतर खिंडीच्या दोन्ही अंगांना बर्फाच्या पाण्याने उखडलेले टप्पे लागतात. माथ्यावरच्या फलकांवर १८,३८० फूट उंची लिहिलेली अनेकांनी पाहिली असेल. प्रत्यक्ष मोजणीनुसार ती ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट आहे. जगातला सर्वांत उंच मोटाररस्ता हा तिचा लौकिकही आता राहिलेला नाही. तिचा दरारा मात्र कमी झालेला नाही. हा रस्ता वाहता ठेवण्याचे काम सीमा रस्ते संघटनेच्या 'हिमांक' प्रकल्पाकडे आहे. मेमध्येही कडेला माणसाच्या उंचीच्या बर्फाच्या भिंती असताना फावडी घेऊन उभे असलेले मजूर दिसतात. त्यांच्याजवळून जाताना गाडीचा वेग कमी करायला सांगावे.

नॉर्थ पुल्लूनंतर खारदुंग गाव येते. येथे चहा-नाश्त्याला थांबण्याची रीत आहे. त्यापुढे खालसरला श्योकचे विस्तीर्ण पात्र समोर येते आणि पुढे रस्ता फुटतो. एक फाटा नदी ओलांडून सुमूर-पनामिककडे जातो, दुसरा डिस्किटकडे. डिस्किटचा मठ चौदाव्या शतकातला आहे आणि त्याच्याजवळच्या टेकडीवर मैत्रेय बुद्धाची ३२ मीटर उंच मूर्ती आहे. तेथून हुंदर आणि मग थॉईसचा लष्करी तळ. या पट्ट्यात छायाचित्रे घेण्यास सक्त मनाई आहे आणि चालकाने सांगण्यापूर्वीच मोबाइल खाली ठेवावा.

थॉईसनंतर खोरे हळूहळू आवळत जाते. रस्ता डांबरी आणि बऱ्यापैकी सपाट आहे, परंतु एका अंगाला ठिसूळ कडे आणि दुसऱ्या अंगाला श्योक. सह्याद्रीतल्या घाटांची सवय असलेल्या माणसाला वळणांची भीती वाटणार नाही. त्याला नवल वाटते ते एकही झाड नसलेल्या कड्यांचे. उन्हाळ्यात दुपारी वरच्या हिमनद्या वितळतात आणि सकाळी घोटाभर असलेले ओहोळ चार वाजेपर्यंत फुगतात. एका जुलैत बोगदांगच्या अलीकडे असाच एक ओढा रस्त्यावरून वाहत होता. आमच्या चालकाने गाडी बंद केली, खाली उतरला आणि पाण्यातल्या एका पांढऱ्या दगडाकडे पाहत उभा राहिला. दगड अर्धा बुडालेला होता. वीस मिनिटांनी तो पूर्ण दिसेनासा झाला, तेव्हा त्याने काही न बोलता गाडी मागे घेतली आणि आम्ही ती रात्र मागच्या गावात काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी सहा वाजता तोच दगड कोरडा होता आणि आम्ही दोन मिनिटांत पार झालो. या रस्त्यावर पाण्याचा आणि कड्यांचा अंदाज चालकालाच असतो. त्याने 'थांबू या' म्हटले की थांबावे.

गाडी लागत असेल तर काय करावे?

पुढे चालकाशेजारी बसावे, सकाळी हलके खावे, मोबाइलमध्ये डोके घालू नये. गोळी घ्यायची असल्यास निघण्यापूर्वी घ्यावी, उलटी झाल्यावर तिचा उपयोग होत नाही. खिंडीत मळमळले तर ते गाडी लागल्यामुळे की उंचीमुळे हे ओळखणे कठीण असते, म्हणून सोबत डोकेदुखी आहे का हे चालकाला आणि बरोबरच्यांना सांगावे.

पूर्ण गाडी परवडत नसेल तर?

लेहहून डिस्किटपर्यंत माणशी भाडे घेणाऱ्या शेअर टॅक्सी मिळतात. त्या सकाळी लवकर सुटतात आणि गाडी भरली की निघतात. डिस्किटहून पुढे स्थानिक टॅक्सी करता येते किंवा बस मिळते, परंतु बस रोज आणि वेळेवर असेलच या भरवशावर परतीचे विमान ठेवू नये. लेहच्या बाजारात सहप्रवासी हवे असल्याच्या चिठ्ठ्या लावलेल्या असतात. त्यातून अनोळखी माणसांबरोबर जाण्याचा योग आला तर तुर्तुकला मुक्काम करायचा की नाही, यावर निघण्यापूर्वीच एकमत करून घ्यावे. वाटेत सर्वाधिक भांडणे यावरूनच होतात.

कोणत्या महिन्यात जावे?

जून ते सप्टेंबर हा सोयीचा काळ. जर्दाळू झाडावर पिकलेला खायचा असेल तर जुलैचा उत्तरार्ध आणि ऑगस्ट. फुलांनी डवरलेली झाडे पाहायची असतील तर एप्रिल, पण तेव्हा खिंडीत बर्फ असते आणि बेत पुढेमागे करण्याची तयारी लागते. लडाखमध्ये पाऊस अगदी थोडा पडतो, मात्र ऑगस्ट २०१० मधील लेहच्या ढगफुटीने दाखवून दिल्याप्रमाणे जेव्हा तो एकदम कोसळतो तेव्हा मोकळे डोंगर त्याला धरून ठेवू शकत नाहीत. ढग दाटले असतील त्या दिवशी प्रवास टाळावा.

मोबाइल, पैसे आणि इंधन यांची सोय काय?

इतर राज्यांतले प्रीपेड सिम लडाखमध्ये चालत नाही, पोस्टपेड चालते. तुर्तुकच्या वाटेवर बराच वेळ संपर्क नसतो, तेव्हा घरी तसे आधीच कळवून ठेवावे. एटीएम आणि पेट्रोल पंप डिस्किटला आहेत, पण त्यांवर विसंबून न राहता लेहमध्येच रोख रक्कम काढावी आणि टाकी भरून घेतली आहे का ते विचारावे.

तुर्तुकमध्ये गाडी कोठपर्यंत जाते आणि गावात काय पाहावे?

गाडी मुख्य रस्त्यावर थांबते. त्यापुढे पायीच फिरायचे. गावाच्या मधून एक खळाळता ओढा श्योकला मिळतो. त्यावरचा पूल ओलांडून वरच्या पठारावर गेले की फारोल हा भाग लागतो, तर ओढ्याच्या अलीकडे युल ही जुनी वस्ती आहे. फारोलमध्ये जव आणि कुट्टूची शेते आहेत. जवाची कापणी झाली की त्याच जमिनीत कुट्टू पेरतात. लडाखच्या बहुतेक भागांत वर्षाला एकच पीक निघते, येथे उंची कमी असल्याने दोन निघतात. शेतांमधून जाताना बांधावरूनच चालावे. पाटाचे पाणी अडेल असा दगड चुकूनही सरकवू नये, कारण ते कोणाच्या शेताला किती वेळ मिळायचे हे ठरलेले असते.

युलमध्ये जुनी लाकडी मशीद आहे आणि बाल्टिस्तानच्या यब्गो राजघराण्याच्या वंशजांचे घर आहे, जेथे जुन्या वस्तू मांडून ठेवल्या आहेत.

मला स्वतःला सर्वांत मोलाची वाटते ती 'नांगचुंग' ही दगडी कोठी. डोंगराच्या पायथ्याशी दगडांची छोटी खोली बांधलेली असते, दाराची चौकट इतकी बुटकी की कमरेत वाकावे लागते. आत शिरले की आधी काही दिसत नाही, पण पायाच्या घोट्यांना गार झोत लागतो. भिंतीतल्या आणि जमिनीतल्या दगडांमध्ये मुद्दाम फटी सोडलेल्या असतात आणि डोंगराच्या पोटातली थंड हवा त्यांतून वर येते. बाहेर ऑगस्टचे ऊन तापलेले असताना आत लोणी घट्ट राहते, दूध आणि मांस टिकते. या कोठ्या कुटुंबांच्या वापरातल्या आहेत. घरच्या माणसाला विचारल्याशिवाय कोणतेही दार ढकलू नये. विचारले तर बहुधा तेच पुढे होऊन दाखवतात.

१९७१ मध्ये येथे काय घडले?

१९४७-४८ च्या युद्धानंतर तुर्तुक पाकिस्तानच्या ताब्यात गेले आणि भारताकडचे शेवटचे गाव बोगदांग राहिले. डिसेंबर १९७१ च्या युद्धात मेजर चेवांग रिंचेन यांच्या नेतृत्वाखाली लडाख स्काउट्सच्या जवानांनी चालुंका, तुर्तुक, त्याक्शी आणि थांग हा भाग घेतला. रिंचेन हे नुब्राचेच सुपुत्र; त्यांना महावीर चक्र दोनदा मिळाले, पहिले १९४८ च्या लढाईसाठी आणि दुसरे या मोहिमेसाठी. शिमला करारानंतरही हा भाग भारताकडेच राहिला. त्या वेळी कामासाठी किंवा शिक्षणासाठी बाल्टिस्तानातल्या स्कर्दूला गेलेली माणसे पलीकडेच अडकली आणि कुटुंबे दुभंगली. आज साठी-सत्तरीच्या घरात असलेल्या अनेकांचे भाऊ, बहिणी, काका पलीकडे आहेत. हे गाव पर्यटकांसाठी २०१० मध्ये खुले झाले.

एवढे ठाऊक असले की गावात कोणालाही 'तुम्हाला इकडे बरे वाटते की तिकडे?' असे विचारू नये, हे सांगावे लागत नाही. तरी हा प्रश्न विचारणारे पाहुणे मी पाहिले आहेत आणि उत्तर देणाऱ्या वृद्धाचा चेहराही पाहिला आहे. ते आपण होऊन सांगू लागले तर निवांत बसून ऐकावे.

थांगपर्यंत जाता येते का?

परिस्थिती शांत असेल तर पर्यटकांना जाऊ देतात. निर्णय त्या दिवशीचा आणि लष्कराचा असतो. नाक्यावर नकार मिळाला तर वाद घालू नये, आणि चालकाला ओळख वापरून पाहायला सांगू नये. परवाना त्याचा पणाला लागतो. पूल, चौक्या, वाहनांचे ताफे यांची छायाचित्रे घेऊ नयेत. कडेला सुरुंगाचे इशारे देणारे फलक असतील तेथे रस्ता सोडून एक पाऊलही टाकू नये.

राहण्याची, जेवणाची आणि पेहरावाची काय पद्धत आहे?

घरगुती निवास आणि लहान अतिथिगृहे पुष्कळ आहेत. लोक मुस्लिम, त्यांतले बरेच नूरबक्शी पंथाचे, आणि भाषा बाल्टी, जी तिबेटी कुळातली आहे. हिंदीतून सर्व व्यवहार होतो. लेहमध्ये 'जुले' म्हणतात. तुर्तुकमध्ये सलाम केला तर अधिक आपुलकीने उत्तर मिळते. अंग झाकणारे साधे कपडे घालावेत, मद्य नेऊ नये. स्त्रियांची आणि मुलींची छायाचित्रे विचारल्याशिवाय घेऊ नयेत, आणि मान नकारार्थी हलली की पुन्हा विचारू नये. शाकाहारी माणसाला डाळ, भात, भाजी सहज मिळते. कुट्टूच्या पिठाचे 'किसिर' नावाचे मऊ धिरडे मात्र यजमानांना सकाळीच सांगून ठेवावे, कारण ते आयत्या वेळी होत नाही.

चालकाशी कसे वागावे?

जेवायला आपल्याबरोबर बसायला सांगावे. तो वेगळा बसला तर आग्रह करू नये. वयाने मोठा असेल तर 'आचो-ले' म्हणावे, लडाखीत आचो म्हणजे थोरला भाऊ आणि ले म्हणजे आपले जी. रात्री त्याला झोपायला बरी जागा मिळाली का, हे स्वतः जाऊन पाहावे, कारण दुसऱ्या दिवशी आपला जीव त्याच्या झोपेवर असतो. त्याला रात्री उशिरापर्यंत फिरवू नये आणि गाणी मोठ्याने लावण्याचा हट्ट धरू नये. चांगली सेवा मिळाली तर बक्षीस रोख आणि थेट त्याच्याच हातात द्यावे.

परतताना खारदुंग ला बंद झाली तर?

बर्फ पडले किंवा दरड आली तर खिंड काही तास किंवा क्वचित एक-दोन दिवस बंद राहते. म्हणूनच तुर्तुकहून परतल्यावर लेहमधून विमान पकडण्यापूर्वी मध्ये एक पूर्ण दिवस मोकळा ठेवावा. वारी ला मार्गे किंवा श्योक गावावरून दुर्बुककडे जाणारे पर्यायी रस्ते आहेत, परंतु वारी लाही उंचच आहे आणि दोन्ही वाटा लांबच्या आहेत. शिवाय त्यांचे भाडे वेगळे लागते. खिंड कधी उघडणार हे खालसरच्या किंवा खारदुंग गावाच्या चहाच्या टपरीवर, वरून उतरलेल्या ट्रकचालकांकडून सर्वांत आधी कळते. तोवर डिस्किटला खोली घ्यावी, चालकाला वाढीव दिवसाचे पैसे काय होतील ते तेथेच विचारून घ्यावे, आणि सकाळी पाच वाजता निघायच्या तयारीने सामान बांधून झोपावे.